हाय स्ट्रीटचे बोळ आणि लॉख कॅट्रीनचे पाणी: ग्लासगोच्या एका छायाचित्रसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

1868 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या नगर सुधारणा न्यासाने थॉमस ॲनन या छायाचित्रकारावर एक काम सोपवले. शहराच्या जुन्या मध्यभागातील जे बोळ आणि ज्या इमारती कायद्याने ताब्यात घेऊन पाडल्या जाणार होत्या, त्यांची छायाचित्रे पाडकामापूर्वी घेऊन ठेवायची, एवढेच त्या कामाचे स्वरूप होते. 1871 पर्यंत त्यातून 31 छायाचित्रांचा संग्रह सिद्ध झाला आणि त्याच्या मोजक्या प्रती बांधण्यात आल्या. त्यात प्रस्तावना नव्हती, विवेचन नव्हते; प्रत्येक चित्राखाली फक्त पत्ता होता. ‘हाय स्ट्रीट, बोळ क्र. 118’, ‘सॉल्टमार्केट, बोळ क्र. 46’, ‘ब्रिजगेट, बोळ क्र. 11’ अशा त्या पत्त्यांपलीकडे पाहणाऱ्याला काहीही सांगितलेले नव्हते.

आज ही चित्रे एकोणिसाव्या शतकातील शहरी दारिद्र्याचा पुरावा म्हणून जगभर दाखवली जातात. जेकब रीस या पत्रकाराने न्यूयॉर्कमधील गरिबांच्या वस्त्यांची छायाचित्रे घेतली, त्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे ॲननने ही कामगिरी केली होती, हेही आवर्जून सांगितले जाते. कालक्रम म्हणून ते खरे आहे, परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. रीसने आपली चित्रे समाजाला जाब विचारण्यासाठी काढली होती. ॲननची चित्रे मात्र ज्या संस्थेने ती घरे पाडायचे ठरवले होते, तिच्याच सांगण्यावरून आणि तिच्याच पैशाने काढली गेली होती. स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून या संग्रहाकडे पाहताना हा फरक सर्वप्रथम ध्यानात घ्यावा लागतो, कारण चित्र कोणासाठी काढले आहे यावर त्यात काय आले आणि काय वगळले गेले हे पुष्कळ अंशी ठरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, याच छायाचित्रकाराने याच शहराच्या महापालिकेसाठी लॉख कॅट्रीन या डोंगरी सरोवराची आणि तेथून शहरात पाणी आणणाऱ्या कामांचीही छायाचित्रे घेतली. एक संग्रह नगर-इतिहासाच्या कपाटात आणि दुसरा निसर्गदृश्यांच्या कपाटात, अशी त्यांची फाळणी झालेली असली, तरी माझ्या मते हे दोन्ही संग्रह एकाच कहाणीचे दोन भाग आहेत आणि ते शेजारी ठेवल्याशिवाय दोहोंपैकी एकही नीट वाचता येत नाही.

शहर दाटले कसे

ग्लासगोची लोकसंख्या 1801 मध्ये सुमारे 77,000 होती. 1861 मध्ये ती सुमारे 3,95,000 झाली. कापूस, लोखंड, रसायने आणि जहाजबांधणी या धंद्यांनी माणसे ओढून आणली. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातून जमिनीवरून हुसकले गेलेले आणि बटाट्याच्या दुष्काळानंतर आयर्लंडमधून आलेले लोक त्यांत मोठ्या संख्येने होते. शहराचा जुना कणा म्हणजे कॅथेड्रलपासून ग्लासगो क्रॉसपर्यंत उतरणारा हाय स्ट्रीट आणि तेथून पुढे क्लाइड नदीकडे जाणारा सॉल्टमार्केट. अठराव्या शतकापर्यंत या रस्त्यांवर प्रतिष्ठितांची आणि व्यापाऱ्यांची घरे होती, त्यांच्यामागे लांबच लांब परसबागा होत्या. तंबाखू आणि साखरेच्या व्यापारात गबर झालेली मंडळी पश्चिमेकडच्या नव्या वस्तीत निघून गेली, तेव्हा जुन्या घरांचे खोलीखोलीने तुकडे करून ती भाड्याने दिली गेली. पुढे मालकांनी परसबागांच्या जागेवर मागे आणखी इमारती चढवल्या, आणि त्यांच्याही मागे आणखी. रस्त्यावरून या मागच्या इमारतींकडे जाण्यासाठी जी अरुंद वाट उरली, तिलाच ग्लासगोत ‘क्लोज’ म्हणतात. मराठीत तिला बोळ म्हटले तर फारसे चुकत नाही, फक्त तो बोळ तीन-चार मजल्यांच्या दगडी भिंतींमध्ये दाबलेला आहे हे लक्षात ठेवायला हवे. या भागात काही ठिकाणी एकरी हजाराच्या आसपास माणसे राहत होती.

येथे एक आकडा सगळ्यांत बोलका आहे. 1862 च्या पोलीस कायद्याने तीन खोल्यांपर्यंतच्या आणि 2,000 घनफुटांपेक्षा कमी जागेच्या घरांची मोजणी करून दारावर धातूचे तिकीट ठोकण्याची पद्धत सुरू झाली. त्यावर घराचे घनफळ आणि आत झोपण्याची परवानगी असलेल्या माणसांची संख्या लिहिलेली असे; प्रौढ माणसामागे 300 घनफूट असे प्रमाण होते. आरोग्य खात्याचे निरीक्षक रात्री दार वाजवून आत किती माणसे झोपली आहेत ते मोजत. पलंगाखाली, माळ्यावर आणि छपरावरही माणसे लपत असत. हे सगळे आत, रात्री, दाराआड घडत होते आणि ॲननच्या संग्रहात घराच्या आतले एकही दृश्य नाही. ज्या गोष्टीमुळे ही घरे राहण्यास अयोग्य ठरली होती, म्हणजे खोलीतील माणसांची दाटी, तीच नेमकी चित्रांत नाही. तरीही पाहणाऱ्याला ती दिसल्यासारखी वाटते, कारण भिंतींमधील अंतर पाहून आपले मन खोलीच्या आकाराचा अंदाज बांधते.

आधी पाणी आले

बोळ पाडण्यापूर्वी शहराने पाणी आणले. 1832, 1848-49 आणि 1853-54 या वर्षी पटकीच्या साथी आल्या. शेवटच्या साथीत ग्लासगोत सुमारे 3,900 माणसे दगावली. शहराला पाणी बव्हंशी क्लाइड नदीतून मिळत होते आणि शहराचे सांडपाणीही तिच्यातच जात होते. 1855 च्या कायद्याने शहराच्या उत्तरेला डोंगरांत असलेल्या लॉख कॅट्रीन सरोवरातून पाणी आणण्यास मंजुरी मिळाली. अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन याने सरोवराची पातळी सुमारे चार फूट वाढवली आणि तेथून शहराच्या सीमेजवळच्या मगडॉक जलाशयापर्यंत सुमारे 26 मैलांचा जलमार्ग बांधला. बोगदे, कमानींचे पूल आणि दऱ्यांतून जाणारे लोखंडी नळ यांतून हे पाणी पंपाविना, केवळ उताराच्या जोरावर वाहत येत होते. 14 ऑक्टोबर 1859 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 1866 मध्ये पटकी पुन्हा ब्रिटनमध्ये आली, तेव्हा ग्लासगोतील मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला.

ॲननने या कामांची छायाचित्रे घेतली आणि 1877 मध्ये महापालिकेच्या जल विभागाने ती संग्रहरूपाने प्रकाशित केली. त्यात अभियंता जेम्स गेल यांच्या वर्णनात्मक टिपा होत्या. हा संग्रह उघडला की प्रथम सरोवर, बेट आणि धुक्यात विरत गेलेले डोंगर दिसतात, आणि पुढे पाणी सोडण्याची दारे, पूल आणि जलाशय येतात. लॉख कॅट्रीन ही त्या काळी अपरिचित जागा नव्हती. वॉल्टर स्कॉट याच्या 1810 मधील दीर्घकाव्यामुळे तेथे प्रवाशांची रीघ लागत होती आणि त्या काव्यातील नायिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटासमोरचा पांढऱ्या वाळूचा किनारा प्रसिद्ध होता. पातळी वाढवल्यावर तो किनारा पाण्याखाली गेला. निसर्गसौंदर्याचा नमुना म्हणून आज जे जुने छायाचित्र आपण पाहतो, त्यातील पाण्याची रेषा ग्लासगोच्या नळांसाठी ठरवलेली आहे. म्हणून स्कॉटलंडच्या निसर्गदृश्यांची जुनी छायाचित्रे पाहताना हे पाणी, हे कुरण, हे ओसाड माळ पूर्वीपासून असेच होते का, असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते. डोंगरदऱ्यांतील निर्मनुष्य शांतता दाखवणाऱ्या कित्येक चित्रांच्या मागे एक-दोन पिढ्यांपूर्वी उठवली गेलेली गावे असतात, आणि त्या गावांतील माणसांचे वंशज हाय स्ट्रीटच्या बोळांत राहत असण्याचा संभव असतो.

कायदा, न्यास आणि कॅमेरा

1863 मध्ये ग्लासगोने विल्यम गेर्डनर यांना पहिले आरोग्य अधिकारी नेमले. लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे नगरप्रमुख, जॉन ब्लॅकी, नगर वास्तुविशारद जॉन कॅरिक आणि गेर्डनर यांनी 1866 मध्ये पॅरिसला जाऊन तेथे जुने शहर चिरून काढलेले रुंद रस्ते पाहिले. त्याच वर्षी ग्लासगो नगर सुधारणा कायदा संमत झाला. सुमारे 88 एकर क्षेत्र, ज्यात सुमारे 51,000 माणसे राहत होती, न्यासाच्या हाती आले. घरे विकत घेण्यासाठी 12,50,000 पौंडांपर्यंत कर्ज उभारण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी शहरवासीयांवर खास कर बसवला गेला. तो कर एवढा अप्रिय झाला की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत ब्लॅकी यांना आपली जागा गमवावी लागली.

थॉमस ॲननचा जन्म 1829 मध्ये फाइफ परगण्यातील डेअर्सी गावी झाला. लिथोग्राफीचे, म्हणजे शिळाछपाईचे, खोदकाम शिकून तो ग्लासगोत आला आणि 1855 मध्ये त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. त्याचा मुख्य धंदा चित्रकृतींच्या छायाचित्र-प्रती काढणे आणि व्यक्तिचित्रे घेणे हा होता. 1866 मध्ये त्याने न फिकटणाऱ्या कार्बन मुद्रणाचे स्कॉटलंडपुरते हक्क विकत घेतले होते. तो समाजसुधारक म्हणून कधी ओळखला गेला नाही. याच वर्षांत त्याने शहराभोवतालच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या वाड्यांची आणि हाय स्ट्रीटवरील जुन्या विद्यापीठाच्या इमारतींचीही छायाचित्रे घेतली. विद्यापीठ 1870 मध्ये गिल्मोरहिलवरील नव्या वास्तूत गेले आणि हाय स्ट्रीटवरची त्याची जुनी जागा रेल्वेच्या मालधक्क्यासाठी गेली. वाडे, विद्यापीठ आणि बोळ ही तीन कामे एकत्र पाहिली की ॲननच्या ग्राहकांना काय हवे होते ते उमगते. जे जाणार आहे त्याची नोंद त्यांना हवी होती. बोळांच्या संग्रहात दारिद्र्याबद्दल एक शब्दही नसण्याचे कारण हेच असावे, असे माझे मत आहे. न्यासाच्या दृष्टीने बोळ हे शहराच्या जुनेपणाचे अवशेष होते आणि त्यांतील रहिवासी त्या अवशेषांसमोर योगायोगाने उभे होते.

चित्रात काय आहे

ॲननने ओल्या कोलोडियनची पद्धत वापरली. काचेच्या पट्टीवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी विकसित करायची, हे सारे काही मिनिटांत व्हावे लागे. त्यामुळे अंधारी खोली, रसायने आणि पाणी कामाच्या जागीच लागत असे. उंच भिंतींच्या बोळात उजेड कमी, म्हणून प्रकाश देण्याचा वेळ वाढत जाई, आणि जो हलला तो पुसला जाई. या चित्रांतील पुष्कळ आकृत्या धूसर आहेत, मुलांची तोंडे ओळखू येत नाहीत, काही ठिकाणी एखाद्या माणसाच्या जागी फक्त पारदर्शक डाग उरला आहे. या धूसरपणात पुढच्या पिढ्यांनी विस्मरण, उपेक्षा, मृत्यू असे पुष्कळ अर्थ वाचले. मला त्याचा साधा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. ती माणसे कामात होती, ती मुले मुलांसारखी हलत होती, आणि जे स्तब्ध आहेत ते जाणूनबुजून स्तब्ध उभे राहिले आहेत. ‘हाय स्ट्रीट, बोळ क्र. 37’ या चित्रात बायामुले कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. चित्र काढले जात आहे हे त्यांना ठाऊक होते आणि काही क्षण थांबायला ती तयार झाली होती. घर पाडण्याच्या निर्णयात ज्यांना विचारले गेले नाही, त्यांनी चित्र काढण्यात मात्र आपला वाटा उचलला, ही या संग्रहातील मोठी गोष्ट आहे.

याच पद्धतीमुळे दोन फसगती होतात. कोलोडियन निळ्या प्रकाशाला फार आणि तांबूस प्रकाशाला फार थोडा प्रतिसाद देते. म्हणून आकाश नेहमी कोरे पांढरे येते आणि तांबूस-पिवळसर वाळूचा दगड प्रत्यक्षापेक्षा काळा दिसतो. ग्लासगोचे दगड धुराने काळवंडले होते हे खरे, परंतु चित्रातील काळेपणाचा काही हिस्सा रसायनाचा आहे. दुसरी फसगत भिंतीचा खालचा पट्टा अचानक पांढरा दिसतो तेव्हा होते. बोळांच्या भिंतींना चुन्याची सफेदी देण्याची सक्ती होती, त्यामुळे तो पट्टा म्हणजे नगरपालिकेच्या स्वच्छता नियमांची खूण असू शकते. घाणीचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चित्रातच स्वच्छतेच्या प्रयत्नाचीही नोंद आहे.

आणि मग ते कपडे. ‘हाय स्ट्रीट, बोळ क्र. 75’ किंवा ‘सॉल्टमार्केट, बोळ क्र. 46’ यांसारख्या चित्रांत खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर धुतलेले कपडे लोंबत आहेत. वाऱ्याने हलल्यामुळे त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या आहेत. गरिबीचे दृश्य रंगवताना ही वाळवण सहसा शोभेसारखी वापरली जाते. मी ती पाण्याशी जोडून वाचतो. 1860 पासून शहरात जे पाणी वाहत होते ते लॉख कॅट्रीनचे होते. ते अतिशय मऊ असल्यामुळे त्याला साबण कमी लागे आणि त्याचा पुरवठाही भरवशाचा होता. एका खोलीत कुटुंब, सामाईक नळ, बाहेर पाऊस आणि धुराने भरलेली हवा, अशा परिस्थितीत चौथ्या मजल्यावर बादल्या चढवून धुतलेल्या त्या चादरी म्हणजे तेथील बायकांच्या श्रमाचा प्रत्यक्ष पुरावा आहे. सरोवराच्या संग्रहातील नितळ पाणी जिथे येऊन पोचते ते ठिकाण दुसऱ्या संग्रहातील ही वाळवण आहे. दोन्ही चित्रे एकाच माणसाने एकाच महापालिकेसाठी काढली, पण ती एकत्र बांधण्याची कल्पना त्या महापालिकेला सुचली नाही.

आवृत्त्यांचा घोळ

या संग्रहाचा उपयोग करणाऱ्याने आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे ते प्रथम पाहावे. 1871 च्या आवृत्तीत 31 अल्ब्युमिन मुद्रिते, म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरची छायाचित्रे, आहेत. त्यांचा रंग तपकिरी असून काळाच्या ओघात ती पिवळी पडतात. 1878-79 मध्ये 40 चित्रांची आवृत्ती कार्बन मुद्रणात निघाली. ती अधिक गडद आणि टिकाऊ आहे. 1887 मध्ये ॲनन मरण पावला. त्यानंतर 1900 मध्ये त्याच्या मुलांच्या पेढीने आणि प्रकाशक मॅक्लहोज यांनी 50 चित्रांची फोटोग्रॅव्हूर (छायाचित्र धातूच्या पत्र्यावर कोरून शाईने छापण्याची पद्धत) आवृत्ती काढली, तिला विल्यम यंग यांची प्रस्तावना होती. या शेवटच्या आवृत्तीत 1890 च्या दशकाच्या अखेरीस घेतलेली चित्रेही आहेत, म्हणजे तीस वर्षांचे अंतर असलेली दृश्ये एकाच बांधणीत आली आहेत. शिवाय मूळ काचांवर हात फिरवून कोऱ्या आकाशात ढग भरल्याचे त्यात दिसते. फोटोग्रॅव्हूरच्या मऊ छटा, भरलेले ढग आणि जुन्या शहराविषयीची हळवी प्रस्तावना यांमुळे 1900 च्या वाचकाला हे बोळ रम्य वाटले असतील. आज आंतरजालावर आणि पुस्तकांत जी चित्रे ‘1868’ या तारखेने फिरतात त्यांपैकी पुष्कळ या आवृत्तीतून घेतलेली असतात. त्यामुळे एखाद्या चित्रातील आकाशावरून त्या दिवशीच्या हवामानाविषयी, किंवा आकृतीच्या स्पष्टपणावरून कॅमेऱ्याच्या गतीविषयी, काही अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

मधल्या आवृत्तीची वेळ मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पाडलेल्या जागांवर खाजगी बांधकाम व्यावसायिक नवी घरे उभारतील, अशी न्यासाची अपेक्षा होती. 2 ऑक्टोबर 1878 रोजी सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, जमिनीचा बाजार कोसळला आणि ती अपेक्षा धुळीला मिळाली. विकत घेतलेली, परंतु न पाडलेली जुनी घरे न्यासाच्या गळ्यात राहिली; ज्या घरांना राहण्यास अयोग्य ठरवले होते, त्यांचाच घरमालक होऊन न्यास वर्षानुवर्षे भाडे वसूल करीत राहिला. नव्या घरांचे बांधकाम न्यासाने स्वतः मोठ्या प्रमाणावर हाती घेतले ते 1880 च्या दशकाच्या अखेरीनंतर. ज्यांची घरे आधीच गेली होती, त्यांतील गरिबांना नव्या वस्त्यांचे भाडे परवडत नव्हते, म्हणून ती कुटुंबे शेजारच्या तितक्याच दाट बोळांत सरकली. एका भागातील दाटी मोडली की दुसऱ्या भागात ती वाढत असे. ‘नामशेष झालेल्या’ बोळांचा संग्रह न्यासाने दुसऱ्यांदा छापला, त्याच सुमारास न्यासाच्या भाडेवसुलीच्या वह्यांत अशाच बोळांची नोंद होत होती. छायाचित्राने ज्याला भूतकाळ केले ते प्रत्यक्षात वर्तमान होते.

मुंबईपर्यंत गेलेला आराखडा

मराठी वाचकाला या प्रकरणाशी जोडणारा एक थेट दुवा आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर 1898 च्या कायद्याने मुंबई सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याच्यासमोर ग्लासगोच्या न्यासाचा नमुना होता. दाट वस्त्या ताब्यात घेणे, त्यांतून रुंद रस्ते काढणे, हवा खेळती ठेवणे, ही सगळी परिभाषा तिकडून आली. नागपाडा, मांडवी, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही नावे त्या कामाशी निगडित आहेत. ग्लासगोप्रमाणे येथेही पाडकामाचा वेग पुनर्वसनाच्या वेगापेक्षा जास्त राहिला आणि उठवलेल्या गरिबांनी जवळपासच्या वस्त्यांत दाटी केली, असा आक्षेप न्यासावर त्या काळीच घेतला गेला. या पद्धतीला विरोध करणारा विचारही स्कॉटलंडमधूनच आला. पॅट्रिक गेडिस यांनी एडिंबराच्या जुन्या भागात राहून, घरे सरसकट न पाडता निवडकपणे दुरुस्त करून वस्ती सुधारण्याचा प्रयोग केला होता. ते पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारखा विद्यार्थी त्यांना लाभला. मुंबईत न्यासाने पाडलेल्या गल्ल्यांचा इतिहास शोधणाऱ्याने ग्लासगोची ही चित्रे जरूर पाहावीत.

पुढे काय शोधता येते

चित्राखालचा निव्वळ पत्ता ही प्रथमदर्शनी संग्रहाची उणीव वाटते, पण स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने तेच त्याचे सर्वांत मोठे देणे आहे. 1854 च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमध्ये दरवर्षी घरपट्टीसाठी मूल्यांकनाच्या याद्या होऊ लागल्या. त्यांत प्रत्येक मालमत्तेचा पत्ता, मालक, भाडेकरू आणि वार्षिक भाडे नोंदलेले असे, मात्र अगदी कमी भाड्याच्या घरांतील भाडेकरूंची नावे त्यांत सापडतीलच असे नाही. 1861 आणि 1871 या दोन जनगणना ॲननच्या कामाच्या दोन्ही बाजूंना येतात. प्रगणकांच्या वह्यांत माणसांची नावे, वय, जन्मस्थान आणि धंदा मिळतो. 1850 च्या दशकात शहराच्या जमिनीची जी तपशीलवार मोजणी झाली, तिच्या नकाशांत एकेक बोळ काढलेला आहे. ही तिन्ही साधने आज राष्ट्रीय अभिलेखागार आणि ग्रंथालयांच्या माध्यमातून घरबसल्या पाहता येतात.

यांची सांगड घालताना एक अडचण येते. रस्त्यांवरील क्रमांक काळाच्या ओघात बदलले गेले, त्यामुळे चित्राखालचा 118 हा आकडा जनगणनेतील 118 शी आंधळेपणाने जुळवता येत नाही. आधी नकाशावर बोळाची दिशा, उतार, वळण आणि टोकाची इमारत यांवरून जागा निश्चित करावी, मग त्या जागेचा त्या वर्षीचा क्रमांक मूल्यांकन यादीतून काढावा आणि त्यानंतरच जनगणनेकडे वळावे. असे केल्यावरही चित्रातील अमुक बाई म्हणजे वहीतील अमुक नाव, असे म्हणता येणार नाही, आणि तसा मोह टाळलेलाच बरा. पण बोळात किती कुटुंबे होती, ती आयर्लंडमधील डॉनेगल किंवा उत्तर स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस परगण्यातून आली होती की शहरातच जन्मली होती, कोण सुतार होता, कोण गिरणीत जात होती, कोणाकडे भाड्याने आणखी माणसे झोपत होती, हे कळते. स्कॉटलंडच्या जनगणनेत 1861 पासून आणखी एक रकाना होता, ज्यात प्रत्येक कुटुंबाकडे खिडकी असलेल्या किती खोल्या आहेत हे लिहिले जात असे. ॲननच्या काचेवर त्या खिडक्या मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटल्या आहेत. एका बोळाच्या चित्रातील खिडक्या मोजून त्या वहीतील रकान्याशी ताडून पाहिल्या, तर ज्या खोल्यांत कॅमेरा कधी शिरला नाही, त्यांत किती माणसे राहत होती याचा हिशेब मांडता येतो.